मॅग्नेशियम देताय? आधी कुठलं पान पिवळं पडलंय ते बघा

पान पिवळं दिसलं की दुकान गाठायचं, "मॅग्नेशियम द्या" म्हणायचं आणि आणलेली पुडी पंपातल्या औषधात ओतून मोकळं व्हायचं, ही पद्धत आता इतकी रुळलीय की त्यात चुकतंय कुठे हेच कुणाला सापडत नाही. फरक पडला नाही की अजून एक फवारणी, मग चिलेटेड (म्हणजे सेंद्रिय रेणूत बांधलेलं), मग त्याहून महागातलं काहीतरी. माझी द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे, मेव्हण्याची कपाशी परभणीकडे, आणि दोन्हीकडे मी वर्षानुवर्षं हेच बघत आलोय. म्हणून सगळं क्रमाने लिहितो. क्रम मोडू नका, कारण निम्म्या चुका क्रम उलटा केल्यानेच होतात.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. आपल्या काळ्या जमिनी बेसॉल्टच्या दगडापासून झालेल्या, त्यात मॅग्नेशियम बहुतेक ठिकाणी भरपूर असतं. कमी पडतं ते झाडाला. पोटॅश (म्हणजे पालाश), कॅल्शियम आणि अमोनियाच्या रूपातलं नत्र हे सगळे मुळाशी मॅग्नेशियमच्या आडवे येतात, आणि यातलं एखादं आपण पोत्यांनी ओतलेलं असलं की मॅग्नेशियम जमिनीत असूनही आत जात नाही. कोकणातल्या लाल जांभ्या जमिनीचं गणित वेगळं, तिथे ते पावसाने खरोखर वाहून गेलेलं असतं, त्याचं शेवटी बघू.

## टप्पा १ : बागेत जा आणि पानं खालून वर बघा

घरी बसून मोबाईलवरच्या फोटोवरून निदान करू नका. सकाळी नऊच्या आत जा, उन्हात पिवळा रंग नीट ओळखू येत नाही.

१. निदान दहा झाडं निवडा, बांधाजवळची आणि ड्रिपच्या शेवटच्या टोकाची सोडून.

२. प्रत्येक झाडाची एक काडी किंवा फांदी धरा आणि बुडातल्या पानापासून शेंड्यापर्यंत एकेक पान बघत जा. मॅग्नेशियम झाडात फिरतं, म्हणजे कमी पडलं की झाड जुन्या पानातलं काढून नव्या पानाला देतं. त्यामुळे कमतरता खरी असेल तर बुडातली, जुनी पानं आधी पिवळी पडतात आणि शेंडा हिरवा राहतो.

३. आता एक पान हातात घ्या. शिरा हिरव्या आणि शिरांच्या मधला भाग पिवळा असतो. द्राक्षात हा पिवळेपणा कडेकडून पाचरीसारखा आत शिरत येतो आणि मुख्य शिरांच्या दोन्ही बाजूंनी हिरवा पट्टा शिल्लक राहतो. रंगीत जातींमध्ये पिवळ्याच्या जागी लालसर झाक येते.

४. शेवटची खूण फार कमी लोक बघतात, पण माझा तिच्यावर सगळ्यात जास्त विश्वास आहे. मॅग्नेशियम कमी असलेलं पान उन्हाला सहन करत नाही. त्यामुळे एका पानावर दुसऱ्या पानाची कायम सावली पडत असेल तर सावलीखालचा तेवढा भाग हिरवा आणि उघडा भाग पिवळा अशी जवळजवळ रेघ दिसते. वरचं पान बाजूला सारून बघा, कधी कधी अगदी त्या पानाच्या आकाराची हिरवी छाप खाली उमटलेली असते.

इशारा: पिवळेपणा दिसेपर्यंत नुकसान सुरू झालेलं असतं. मॅग्नेशियम फक्त हिरव्या रंगासाठी लागत नाही, पानात तयार झालेली साखर मुळाकडे आणि फळाकडे चढवायलाही ते लागतं. ते कमी पडलं की साखर पानातच अडकते आणि मुळं उपाशी राहतात. म्हणून ज्या प्लॉटमध्ये दरवर्षी एकाच टप्प्यावर पानं पिवळी पडतात तिथे पुढच्या वर्षी दोन-तीन आठवडे आधीच तयारीत राहा.

## टप्पा २ : हे मॅग्नेशियम नाहीच, असं सिद्ध करायचा प्रयत्न करा

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावातल्या एका मित्राने मला बोलावलं, तीन फवारण्या झाल्या होत्या, एकदा साधं सल्फेट, दोनदा चिलेटेड, आणि बाग तशीच पिवळी. आम्ही ओळीत उभे राहिलो, मी बुडातलं पान उलटंसुलटं केलं तर हिरवंगार. पिवळी होती ती शेंड्याची कोवळी पानं, शिरा हिरव्या, मधला भाग जवळजवळ पांढरट. ते लोह होतं. जमीन चुनखडीची, त्यात ड्रिप रोज दोन तास चालू, मुळाशी हवा नाही, त्यामुळे लोह उचललंच जात नव्हतं. पाणी कमी केलं, लोहाचं चिलेट दिलं, नवीन फूट हिरवी आली. तीन फवारण्यांचा मॅग्नेशियमचा खर्च गेला तो गेलाच.

तेव्हा हे एकेक करून तपासून बाद करा:

- शेंड्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या: लोह. मॅग्नेशियमचा संबंध नाही.
- जुनी पानं पिवळी पण शिरांसकट सगळंच पान फिकट: नत्र.
- जुन्या पानांच्या फक्त कडा करपलेल्या, तपकिरी: बहुतेक वेळा पोटॅशची कमतरता. इथे मॅग्नेशियम दिलंत तर पोटॅश अजून मागे पडेल, म्हणजे दुखणं वाढेल.
- नवीन पानं लहान, पेरं आखूड: झिंक.
- सोयाबीन-मुगात पिवळे-हिरवे ठिपके आणि चट्टे, नव्या पानांवरही: पिवळा मोझॅक. तो विषाणू आहे, पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करा.
- द्राक्षात पान तांबूस, निस्तेज: पान उलटं करून भिंगातून लाल कोळी बघा.

एक पान पिवळं आणि बाजूचं नीट, असं कुठेही कसंही पसरलेलं असेल तर ते अन्नद्रव्य नसतंच बहुतेक. कमतरता ही ओळीने, पट्ट्याने, खालून वर अशी शिस्तीत दिसते.

तपासा: जुनी पानं + शिरांमध्ये पिवळेपणा + शेंडा हिरवा. तिन्ही गोष्टी जुळल्या तरच पुढे वाचा.

## टप्पा ३ : माती, पाणी आणि देठ तिन्ही तपासा

मृद आरोग्य पत्रिका घरात असेल तर ती काढून बघा. त्यात १२ घटक असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, झिंक, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, पीएच, ईसी (क्षारांचं प्रमाण) आणि सेंद्रिय कर्ब. मॅग्नेशियम त्यात नाही. लोक मँगनीजचा आकडा बघून मॅग्नेशियम ठीक आहे म्हणतात, नावं जवळची असली तरी ती पूर्ण वेगळी अन्नद्रव्यं आहेत. लॅबला नमुना देताना वेगळं सांगावं लागतं: विनिमयक्षम (म्हणजे मुळांना उचलता येणारं) कॅल्शियम, विनिमयक्षम मॅग्नेशियम आणि मुक्त चुनखडी. थोडे पैसे जास्त पडतात, पण वर सांगितलेल्या तीन फवारण्यांपेक्षा कमीच.

माती. रिपोर्टमध्ये विनिमयक्षम मॅग्नेशियम १०० ग्रॅम मातीला १ मिलीइक्विव्हॅलंटच्या खाली असेल (म्हणजे साधारण १२० पीपीएम) तर जमिनीतच कमी आहे असं धरतात. काळ्या जमिनीत हा आकडा सहसा याच्या कितीतरी पट असतो. तो भरपूर असूनही पान खुणा दाखवत असेल तर टप्पा ४ तुमच्यासाठीच आहे.

पाणी. हे जवळजवळ कुणीच करत नाही आणि मला याचीच सगळ्यात जास्त हळहळ वाटते. विहिरीच्या पाण्याच्या रिपोर्टमध्ये मॅग्नेशियम मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटरमध्ये लिहिलेलं असतं, त्याला १२ ने गुणलं की लिटरमागे मिलिग्रॅम निघतात. समजा आकडा २.५ आला, म्हणजे लिटरला ३० मिलिग्रॅम. उन्हाळ्यात एकरी २०,००० लिटर पाणी दिलं तर त्या एका दिवसात ६०० ग्रॅम शुद्ध मॅग्नेशियम पाण्यातूनच गेलं, ते सव्वासहा किलो मॅग्नेशियम सल्फेटच्या बरोबरीचं झालं. अशा विहिरीवर ड्रिपमधून महिन्याला पाच किलोची पुडी सोडून काय मिळवणार आपण?

देठ. द्राक्षात पानदेठ परीक्षण करा, मातीच्या रिपोर्टपेक्षा ते जास्त खरं बोलतं. खरड (एप्रिलच्या) छाटणीनंतर साधारण ४५ दिवसांनी, सूक्ष्मघड निर्मितीच्या वेळी, बुडाकडून पाचव्या पानाचा देठ घ्यायचा. फळछाटणीनंतर पूर्ण फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा देठ. पान लगेच तोडून टाकायचं, फक्त देठ ठेवायचे, आणि कागदी पिशवीत. प्लास्टिकच्या पिशवीत घाम सुटून देठ कुजतात आणि रिपोर्ट चुकतो. फवारणी झाल्यावर लगेच नमुना घेऊ नका, देठावर चिकटलेलं खतसुद्धा मोजलं जातं.

इशारा: अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात पाण्यात आणि जमिनीत सोडियमबरोबर मॅग्नेशियमही जास्त असू शकतं, आणि ते जास्त झालं की माती अजून चिकट होते, पाणी मुरत नाही. तिथे रिपोर्ट हातात असल्याशिवाय जमिनीतून मॅग्नेशियम अजिबात टाकू नका.

## टप्पा ४ : पोटॅशचा हिशोब मांडा

वही घ्या आणि गेल्या ३० दिवसांत प्लॉटला काय काय गेलं ते लिहा. मण्यात पाणी उतरायला लागलं (म्हणजे मणी मऊ आणि गोड व्हायला लागले) की ००:००:५० चा, म्हणजे ५० टक्के पालाशच्या विद्राव्य खताचा, मारा सुरू होतो हे आपल्या सगळ्यांना माहितीय, आणि नेमकं त्याच सुमारास बुडाची पानं पिवळी पडायला लागतात. हा योगायोग नाही.

आकडे मांडून बघा. ००:००:५० ची २५ किलोची एक बॅग म्हणजे साडेबारा किलो पालाश. त्याच्यासमोर ५ किलो मॅग्नेशियम सल्फेट म्हणजे ९.६ टक्क्यांनी जेमतेम ४८० ग्रॅम मॅग्नेशियम. एवढ्या तफावतीत मुळाशी कोण जिंकणार? वरून अजून एक पुडी टाकून ही तफावत भरत नाही, पोटॅशचा हप्ता छाटला तरच भरते.

म्हणून:

१. मातीच्या रिपोर्टमध्ये पालाश "जास्त" किंवा "अति जास्त" लिहिलेलं असेल (काळ्या जमिनीत ते फार वेळा असतं) तर ठरलेल्या पोटॅशमधला काही भाग कमी करा. कितीने, ते देठाच्या रिपोर्टवर ठरवा, शेजाऱ्याच्या डोसवर नाही.

२. एकदम १० किलो सोडण्यापेक्षा २-२ किलोचे हप्ते करा, मुळाशी एकाच वेळी पोटॅशची गर्दी होऊ देऊ नका.

३. अमोनियम सल्फेट आणि युरिया एकाच वेळी जोरात चालू असेल तर तोही हात आवरा, अमोनियाचं नत्रसुद्धा मॅग्नेशियमला अडवतं.

इशारा: पोटॅश पूर्ण बंद करू नका. मण्याची साखर आणि काडीची पक्वता त्यावरच आहे. कमी करायचंय, तोडायचं नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी मॅग्नेशियमची भीती घालून पोटॅश एकदम बंद करायला लावलेले प्लॉट मी बघितलेत, तिथे काडी कच्ची राहिली आणि पुढच्या हंगामात घड कमी निघाले.

## टप्पा ५ : कुठलं मॅग्नेशियम घ्यायचं

मॅग्नेशियम सल्फेट, सात पाण्याचं (म्हणजे खड्याच्या प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे सात रेणू). साखरेसारखे पांढरे खडे, पाण्यात चटकन विरघळतात, मॅग्नेशियम साधारण ९.६ टक्के आणि गंधक १२ टक्के. फवारणी आणि ड्रिप दोन्हीला हेच पुरतं. दहातल्या नऊ जणांनी हेच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

मॅग्नेशियम नायट्रेट. सोबत साधारण ११ टक्के नायट्रेट नत्र येतं. वाढीच्या काळात चांगलं, पण मण्यात पाणी उतरल्यावर नत्र नको असतं, तेव्हा टाळा.

चिलेटेड मॅग्नेशियम, ईडीटीएवालं. यात मॅग्नेशियम ६ टक्क्यांच्या आसपास, आणि डोस लिटरला १ ग्रॅम वगैरे. २०० लिटरला २०० ग्रॅम, म्हणजे १२ ग्रॅम मॅग्नेशियम. त्याच २०० लिटरमध्ये १ टक्का सल्फेट म्हणजे १९२ ग्रॅम. चिलेट कितीही चांगलं शोषलं गेलं तरी सोळा पटींची दरी ते भरून काढणार नाही. लोह-झिंकला चिलेट जरूर वापरा, ती लागतातच ग्रॅममध्ये. मॅग्नेशियम किलोत लागतं.

डोलोमाइट. हा चुन्याचा दगड आहे, आम्ल जमिनीतच विरघळतो. नाशिक, सांगली, सोलापूर, मराठवाडा, विदर्भातल्या पीएच साडेसातच्या वरच्या जमिनीत तो तसाच पडून राहतो. स्वस्त आहे म्हणून घेऊ नका.

तपासा: बॅगवर "एमजी" लिहिलंय की "एमजीओ"? १६ टक्के एमजीओ म्हणजे ९.६ टक्के एमजी, दोन्ही एकच माल. मोठा आकडा बघून जास्त पैसे देणारे लोक मी डोळ्यांनी बघितलेत. आणि जाता जाता, झिंक सल्फेटमध्ये मॅग्नेशियम सल्फेटची भेसळ करतात, खडे सारखेच दिसतात आणि हे बरंच स्वस्त असतं. झिंक देऊनही पीक हलत नसेल तर ती बॅग एकदा तपासून घ्या.

## टप्पा ६ : फवारणी

फवारणी म्हणजे तातडीचा उपाय. वर काढलं तसं १ टक्क्याच्या २०० लिटरमध्ये १९२ ग्रॅमच मॅग्नेशियम असतं, त्यामुळे एका फवारणीत काम होत नाही, ८ ते १० दिवसांच्या अंतराने दोन-तीन कराव्या लागतात.

प्रमाण:

- ०.५ टक्का: लिटरला ५ ग्रॅम, १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम, २०० लिटरला १ किलो.
- १ टक्का: लिटरला १० ग्रॅम, पंपाला १५० ग्रॅम, २०० लिटरला २ किलो.

द्राक्ष, भाजीपाला आणि कोवळ्या पिकाला ०.५ वरच थांबा. कपाशी, ऊस, जुनी फळझाडं १ टक्का सहन करतात. ब्लोअरने एकरी पाणी कमी-जास्त लागतं, तेव्हा एकरी किलोच्या नादी न लागता लिटरला किती ग्रॅम हेच धरा.

क्रम:

१. टाकी निम्मी साध्या पाण्याने भरा.

२. वेगळ्या बादलीत मॅग्नेशियम पूर्ण विरघळवा. बादलीला हात लावून बघा, विरघळताना पाणी थोडं गार लागतं. गार लागण्याऐवजी बादली गरम झाली तर ते सात पाण्याचं सल्फेट नाही, वाळवलेलं किंवा दुसरंच काहीतरी आहे, मग प्रमाण तसंच ठेवू नका, दुकानदाराला विचारा.

३. सुती कापडातून गाळून टाकीत ओता, ढवळा, टाकी भरा, स्टिकर शेवटी.

४. सकाळी दव उडाल्यावर किंवा चारनंतर फवारा. दुपारच्या उन्हात थेंब वाळतात, मीठ पानावर राहतं आणि पानाच्या टोकाला करपा पडतो.

५. पानाची खालची बाजू भिजली पाहिजे, आणि रोख बुडातल्या-मधल्या पानांवर ठेवा. लोक सवयीने शेंडा भिजवतात.

आता काय मिसळायचं नाही ते. कॅल्शियम नायट्रेट कधीच नाही. त्यातलं कॅल्शियम आणि यातलं सल्फेट मिळून जिप्सम तयार होतं. १२:६१:०० आणि ००:५२:३४ सुद्धा नाही, स्फुरद आणि मॅग्नेशियम मिळून बारीक स्फटिक बसतात, आणि ते कधी कधी लगेच दिसत नाहीत, टाकी रात्रभर राहिली की तळाला सापडतात. बोर्डो मिश्रणात नाही. युरिया चालतो. बाकी कीटकनाशक, बुरशीनाशक काहीही टाकायचं असेल तर आधी काचेच्या बरणीत त्याच पाण्याने त्याच प्रमाणात थोडं करून अर्धा तास ठेवा. गढूळ झालं, दही झाल्यासारखं दिसलं, तळाला काही बसलं, तर वेगळी फवारणी करा.

इशारा: द्राक्षात मण्यात पाणी उतरल्यानंतर मॅग्नेशियमची फवारणी टाळा. मण्यावर पांढरट डाग राहतात आणि एक्सपोर्टच्या मालात ते चालत नाहीत. त्या वेळी ड्रिपच.

## टप्पा ७ : ड्रिप आणि जमीन

ड्रिपमधून एकरी ३ ते ५ किलो एका वेळी, ८-१० दिवसांनी, दोन-तीन हप्ते. सुरुवातीला १५-२० मिनिटं साधं पाणी, मग खत, मग परत १५-२० मिनिटं साधं पाणी. शेवटचं पाणी वाचवू नका, नळीत उरलेलं मॅग्नेशियम दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खताला भेटतं.

हे मी माझ्या बागेत शिकलोय. कामाची घाई होती, सकाळी कॅल्शियम नायट्रेट सोडलं, नळी न धुता तासाभराने मॅग्नेशियम सल्फेट. चार-पाच वेळा असं झालं असेल. मग एका ओळीतल्या वेली दुपारी मान टाकायला लागल्या, म्हटलं पाणी तर चालू आहे. ड्रिपर काढून ब्लेडने उभा चिरला, तर आतल्या वळणावळणाच्या वाटेत पांढरी कड बसलेली, अंगठ्याने चोळली की वाळूसारखी कचकच लागायची. जिप्सम ॲसिडने सहज जात नाही, त्यामुळे ॲसिड ट्रीटमेंट करूनही ती लॅटरल (ओळीतली ड्रिपची नळी) शेवटी बदलावी लागली. तेव्हापासून माझ्याकडे कॅल्शियमचा वार वेगळा आणि मॅग्नेशियमचा वार वेगळा, मध्ये निदान दोन दिवस, आणि ते वार व्हेंचुरीच्या (ड्रिपमध्ये खत ओढून घेणाऱ्या यंत्राच्या) खांबावरच खडूने लिहिलेत.

ड्रिप नसेल तर एकरी १० किलो शेणखतात मिसळून मुळांच्या कक्षेत द्या, बुंध्याला चिकटवून नाही, आणि लगेच पाणी द्या. कोरड्या मातीवर फेकून पावसाची वाट बघत बसू नका.

## टप्पा ८ : कपाशीच्या लाल्याचं वेगळं बघा

कपाशी लाल झाली की सगळे एकच नाव घेतात, पण लाल होण्याची कारणं चार-पाच आहेत आणि मॅग्नेशियम त्यातलं एक. मेव्हण्याच्या रानात मी असा क्रम लावतो:

आधी पान उलटं करा. खालच्या बाजूला फिकट हिरवे, तिरके चालणारे किडे दिसले आणि पानाच्या कडा पिवळ्या होऊन खाली वळलेल्या असतील तर ते तुडतुडे. मॅग्नेशियम बाजूला ठेवा. मग रानात पाणी साचलंय का बघा, साचलं असेल तर आधी चर काढा, गुदमरलेलं मूळ कुठलंच खत उचलत नाही. मग बोंडांचा भार बघा. झाडावर बोंडं भरपूर आणि नत्र तुटलेलं असेल तर सगळं पान शिरांसकट लाल होतं, तिथे युरिया किंवा डीएपी २ टक्के लागतं. खालची पानं लाल पण शिरा हिरव्या असतील तेव्हाच मॅग्नेशियम.

हलक्या रानात, जिथे दरवर्षी लाल्या येतो, तिथे एकरी ८ ते १० किलो मॅग्नेशियम सल्फेट जमिनीतून आधीच द्या, आणि फुलोऱ्यात व बोंडं भरताना १ टक्क्याच्या दोन फवारण्या, मध्ये १०-१५ दिवस. सोबत १ टक्का युरिया चालतो. डीएपीची फवारणी मात्र वेगळ्या दिवशी.

इशारा: थंडी पडल्यावर, शेवटच्या वेचणीच्या सुमारास लाल होणारी कपाशी वय झाल्याने आणि रात्री गार पडल्याने लाल होते. तिला काहीही फवारू नका.

## टप्पा ९ : कोकण आणि गोव्याकडच्या नारळ-सुपारीसाठी

तिथे जमीन आम्ल आणि पाऊस धो धो, त्यामुळे कमतरता खरीखुरी असते. नारळाच्या खालच्या झावळ्या टोकाकडून नारिंगी-पिवळ्या पडतात, उन्हाकडची बाजू जास्त. माडाला वर्षाला ५०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, आळ्यात, पावसाचा पहिला जोर ओसरल्यावर. जुलैच्या मुसळधार पावसात टाकलं तर ते वहाळातून समुद्राला मिळालं समजा. पीएच साडेपाचच्या खाली असेल तर डोलोमाइट इथेच कामाचं, पण ते हळू चालतं, त्याचा परिणाम पुढच्या वर्षी बघायचा. झावळी पूर्ण पिवळी झाली म्हणून तोडू नका, माड तिच्यातलं उरलेलं मॅग्नेशियम वर ओढून घेत असतो.

## टप्पा १० : फरक पडला का, हे कसं बघायचं

पिवळं पान परत हिरवंगार होईल याची वाट बघू नका, ते फार कमी वेळा होतं, आणि "फरक नाही पडला" म्हणून दुसरी फवारणी वेगळ्या औषधाची करायची चूक इथेच होते. पहिल्या दिवशीच पाच झाडांवर, जिथपर्यंत पिवळेपणा चढलाय त्या शेवटच्या पानाच्या पेराला लाल सुतळी बांधा. दहा दिवसांनी जाऊन बघा. सुतळीच्या वर पिवळेपणा चढला नसेल तर काम झालंय, बुडाची पानं तशीच दिसली तरी. चढला असेल तर निदान चुकलंय किंवा पोटॅश अजून कमी झालेलं नाही, तेव्हा टप्पा २ वर परत जा.

शक्य असेल तर एक ओळ फवारणीविना सोडा. मन धजत नाही हे मला माहितीय, माझंही पहिल्या वर्षी धजलं नव्हतं, पण ती एक ओळ नसली की पाऊस, ऊन, पाण्याचा फरक आणि मॅग्नेशियमचा फरक वेगळा काढताच येत नाही. वहीत तारीख, लिटरला किती ग्रॅम, त्या आठवड्यात किती पोटॅश गेलं आणि सुतळीच्या वर किती पानं गेली, एवढ्या चार गोष्टी लिहून ठेवा. पुढच्या वर्षी देठाचा रिपोर्ट आला की तो त्याच पानावर चिकटवा.